बर्फाचा वाद आणि गाढीचा काठ

करंजाडे येथे राहणाऱ्या आमच्या एका वाचकाने आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. हे गृहस्थ शिक्षकी पेशातून निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि चिरंजीवांनी काढलेले कर्ज यांच्या बळावर त्यांनी गाढी नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत दोन खोल्यांचे घर घेतले. आयुष्याची सारी पुंजी त्या घरात आहे. आता सकाळी वृत्तपत्र उघडावे, तर ध्रुवावरचा बर्फ वितळून २०५० पर्यंत मुंबईचा मुलूख समुद्रात जाणार, असे त्यांस वाचावयास मिळते. आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसावे, तर हे सारे शास्त्रज्ञांनी अनुदानासाठी उठवलेले भूत आहे, असे त्यांचे मित्र त्यांस छातीवर हात ठेवून सांगतात. यांतले खरे कोणते, आणि आपल्या घराचे पुढे काय, एवढेच त्यांस जाणून घ्यावयाचे आहे.

प्रश्न साधा आहे, पण तो हजारो कुटुंबांचा आहे. ज्या करंजाड्यात नळाला पुरेसे पाणी येत नाही म्हणून रहिवाशांना मोर्चे काढावे लागले, त्याच करंजाड्यात पाणी घरात शिरेल काय, या चिंतेने माणसांची झोप उडावी, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे! सिडकोने वसवलेल्या या वसाहतीत ज्यांनी घरे घेतली, ते कोणी कोट्यधीश नव्हेत. मुंबईत परवडत नाही, ठाण्यात परवडत नाही, वाशी-नेरूळातही परवडेनासे झाले, म्हणून पनवेलपर्यंत येऊन, गाढी ओलांडून पलीकडे गेलेली ही कारकुनांची, शिक्षकांची, परिचारिकांची आणि लहान धंदेवाल्यांची वस्ती आहे. त्यांच्या कर्जाची मुदत वीस वर्षांची. आज घर घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता २०४५ च्या सुमारास फिटावयाचा, आणि भविष्यवेत्ते बोट दाखवतात ते २०५० कडे! अशा माणसाला खरे काय ते समजलेच पाहिजे. ते समजावे अशी व्यवस्था मात्र आज कोठेही नाही. आहे तो केवळ गलबला.

या गलबल्यात दोन पक्ष आहेत, आणि दोहोंचेही घसे चांगले खणखणीत आहेत. पहिला पक्ष प्रलयवाद्यांचा. २०१९ च्या ऑक्टोबरात एका अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनी जगाच्या किनाऱ्यांचे नवे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांतला मुंबईचा नकाशा घेऊन आपल्याकडील वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ‘मुंबई बुडणार’ अशी दवंडी पिटली. वास्तविक त्या अभ्यासाचे म्हणणे एवढेच होते की, नकाशात रंगवलेली सखल जमीन २०५० च्या सुमारास वर्षातून सरासरी एकदा तरी येणाऱ्या मोठ्या भरतीच्या पातळीखाली असेल. त्यात समुद्रभिंतींचा आणि बांधांचा हिशेब धरलेला नव्हता. वर्षातून एखाद्या दिवशी पाणी चढू शकणे आणि शहर कायमचे समुद्रार्पण होणे, यांत अंतर आहे. पण मथळा देणाऱ्यास ते अंतर परवडत नाही. पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महानगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी नरिमन पॉइंट आणि मंत्रालय यांचा ८० टक्के भाग २०५० पर्यंत पाण्याखाली जाईल, असे जाहीरपणे सांगितले. इतके भयंकर भाकीत खुद्द आयुक्तांनी करावे, आणि त्यानंतर नरिमन पॉइंटवरची एक कचेरी हलू नये की एका चौरस फुटाचा भाव उतरू नये, याचा अर्थ काय? अर्थ हाच की, हे कोणी खरे मानले नाही. आणि जे भाकीत ऐकून कोणी जागचा हलत नाही, ते कालांतराने माणसाला बधिर करून सोडते.

दुसरा पक्ष ‘काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांचा. त्यांच्या भात्यातला सर्वांत तीक्ष्ण बाण हिमालयातला आहे, आणि तो त्यांच्या हाती शास्त्रज्ञांनीच दिला, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने २००७ च्या अहवालात असे छापले की, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत, किंबहुना त्याहूनही आधी, नाहीशा होण्याचा फार संभव आहे. २००९ च्या नोव्हेंबरात आपले तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ज्येष्ठ हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांचा एक निबंध प्रसिद्ध करून या भाकिताला आव्हान दिले, तेव्हा समितीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्या निबंधाची संभावना ‘जादूटोण्याचे शास्त्र’ या शब्दांत केली. दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० रोजी, याच समितीला आपल्या चुकीबद्दल खेद व्यक्त करावा लागला. २०३५ या सालाला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. एका शास्त्रज्ञाच्या मुलाखतीतून ते एका नियतकालिकात आले, तेथून एका पर्यावरणसंस्थेच्या पुस्तिकेत गेले, आणि पुस्तिकेतून थेट जगाच्या सर्वोच्च अहवालात जाऊन बसले. एका जुन्या अहवालात याच जातीचे भाकीत २३५० सालाचे होते, हेही मग दाखवून दिले गेले. अंकांची एवढीशी उलटापालट, आणि तीनशे पंधरा वर्षांचा फरक!

ही चूक क्षुल्लक नव्हती. तिच्यापेक्षाही मोठी चूक ती दाखवणाऱ्याची टिंगल करण्यात झाली. अध्यक्षांनी त्या दिवशी जीभ आवरली असती, तर पुढची पंधरा वर्षे कट्ट्याकट्ट्यावर हिमालयाचा दाखला ऐकून घ्यावा लागला नसता. परंतु या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि आमचे संशयवादी मित्र नेमकी तीच सांगावयाचे विसरतात. ही चूक ज्यांनी हुडकून काढली त्यांत हिमनद्यांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले शास्त्रज्ञच आघाडीवर होते. चोपडीतली एक रक्कम चुकली म्हणून पेढीचे दिवाळे निघाले, असे कोणी म्हणत नाही. चूक दुरुस्त करून पुढचा ताळेबंद पाहतात. तो ताळेबंद काठमांडूच्या पर्वतविकास केंद्राने २०१९ मध्ये मांडला. जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरीही या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग जाईल, आणि आजच्याच गतीने धूर ओकत राहिलो तर दोन तृतीयांश जाईल, असे तो सांगतो. याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात तेथील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. २०३५ चूक होते, पण हिमनद्यांची झीज खरी आहे.

ध्रुवांवरच्या बर्फाविषयी तर आणखीच घोळ घालण्यात येतो. पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा विरघळला म्हणून पेला भरून वाहत नाही, हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत शिकलेला मनुष्य छद्मीपणाने विचारतो की, मग उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळल्याने समुद्र कसा चढेल? त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्या बर्फाने समुद्र जवळजवळ चढतच नाही. उत्तर ध्रुवावर जो आहे तो समुद्रावर तरंगणारा बर्फ. समुद्र चढवणारा बर्फ निराळा. तो ग्रीनलँडच्या आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर मैलमैल जाडीने बसला आहे, आणि जगातल्या पर्वतांवरून हिमनद्यांच्या रूपाने लोंबतो आहे. जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला, म्हणजे पेल्यात बाहेरून खडा टाकल्यासारखे होते. हा भेद न पाळल्यामुळे वाद घालणारे दोघेही एकमेकांशी न बोलता भलत्याच बर्फाशी बोलत असतात. दक्षिणेकडचा समुद्रबर्फ २०१४ मध्ये उच्चांकाला पोहोचला, तेव्हा संशयवाद्यांनी पेढे वाटले. २०२३ मध्ये तोच नीचांकाला गेला, तेव्हा प्रलयवाद्यांनी शंख फुंकले. उत्तरेचा समुद्रबर्फ १९८० च्या सुमारास उन्हाळ्याच्या अखेरीस सत्तर लाख चौरस किलोमीटरांहून अधिक असे, तो २०१२ मध्ये चौतीस लाखांवर आला. तो नीचांक त्यानंतर मोडला नाही, हे खरे. पण २००७ ते २०२५ या एकोणीस वर्षांचे एकोणीस आकडे उपग्रहांच्या साऱ्या नोंदीतले सर्वांत खालचे एकोणीस आहेत, हेही तितकेच खरे. एखाद्या वर्षाच्या पिकावरून शेताचा कस ठरवू नये, हे आमच्या शेतकऱ्यास कळते.

मग जमिनीवरच्या बर्फाचा पुरावा काय? न्यायालयात साक्षीदार एकमेकांचे सोयरे नसतील तर त्यांच्या साक्षीला वजन येते. येथे तीन साक्षीदार आहेत. पहिला बंदराबंदरांवरचा भरतीमापक. दुसरा १९९० नंतरच्या दशकापासून समुद्राची उंची आकाशातून मोजणारे उपग्रह. तिसरा साक्षीदार सर्वांत नवलाचा. २००२ पासून एकामागोमाग एक धावणाऱ्या जोड-उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपले जात आहेत, आणि त्यांवरून कोठल्या प्रदेशावरचे वजन घटले, हे काढता येते. जणू तराजूच्या एका पारड्यात अख्खे ग्रीनलँड घातले आहे! त्या तराजूचा निकाल असा की, ग्रीनलँड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावत आहे, आणि अंटार्क्टिकाचीही वर्षाची तूट शंभर अब्ज टनांहून अधिक आहे. साधारण ३६० अब्ज टन पाणी आले की जगाचा समुद्र एक मिलिमीटर चढतो. यात पर्वतांवरच्या हिमनद्यांचे पाणी मिळवा, आणि तापलेले पाणी फुगून जागा अडवते तीही मिळवा. २००६ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर चढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत ही गती १.३ मिलिमीटर होती. तिन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगतात. हे तापणे कशाने होते, याविषयीही अंधार नाही. कोळसा जाळून निघणाऱ्या वायूने पृथ्वी तापेल, हा हिशेब स्वीडनच्या अर्‍हेनियसने १८९६ मध्येच मांडला होता. त्याच साली मुंबईत मांडवीला डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि आरंभी त्यांच्या निदानावरही पुष्कळांनी विश्वास ठेवला नव्हता. अविश्वासाने प्लेग थांबला नाही, हे मुंबईकरास निराळे सांगणे नलगे.

येथवर ऐकून आमचे निवृत्त गुरुजी म्हणतील, वर्षाला साडेतीन मिलिमीटर! म्हणजे दहा वर्षांत दोन बोटे. एवढ्याने माझ्या घराचे काय बिघडणार? हाच खरा मर्माचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ग्रीनलँडात नसून पनवेलच्या खाडीत आहे.

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची पातळी मोजली जाते. आशिया खंडात इतकी जुनी नोंद फार थोड्या बंदरांजवळ असेल. गेटवे ऑफ इंडियाची कमान उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही वही! ‘पायऱ्यांवरचे पाणी आहे तेथेच आहे’ असे डोळ्यांनी पाहून सांगणाऱ्यांनी तिच्याकडे एकदा पाहावे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या व इतर भारतीय बंदरांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये दाखवून दिले की, उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर समुद्र वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर या गतीने चढत आला आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०२० मध्ये देशाचा जो पहिला समग्र हवामान-अहवाल तयार केला, त्यात १९९३ ते २०१७ या काळासाठी हाच आकडा ३.३ मिलिमीटर आहे. म्हणजे पूर्वी चालणारा समुद्र आता भरभर चालू लागला आहे. शतकाच्या अखेरपर्यंत जगाचा समुद्र साधारण एक फुटापासून सव्वातीन फुटांपर्यंत चढेल, असा आजचा अंदाज आहे. त्यातले कोणते टोक गाठले जाईल, हे बव्हंशी आपण किती धूर ओकतो यावर ठरेल. यात एक गमतीची गोष्ट अशी की, ग्रीनलँडचा बर्फ वितळला म्हणजे खुद्द ग्रीनलँडजवळचा समुद्र खाली जातो. कारण बर्फाचा तो प्रचंड डोंगर स्वतःच्या आकर्षणाने भोवतालचे पाणी आपल्याकडे ओढून धरत असतो, तो हलका झाला की ते पाणी दूरच्या समुद्रांकडे जाते. या वाटणीत आम्ही दूरच्यांत मोडतो.

आता ही दोन बोटे करंजाड्याला कशी भोवतात, ते पाहू. गाढी नदी माथेरानच्या डोंगररांगेत उगम पावते, आणि अवघ्या काही कोसांत सखल प्रदेशात उतरून पनवेलजवळ काळुंद्रेला बरोबर घेऊन खाडीला मिळते. पनवेल हे एके काळचे बंदर. भरतीच्या पाण्यावर तेथे गलबते येत. म्हणजे नदीच्या या टापूत समुद्राचा श्वासोच्छ्वास पूर्वीपासून पोहोचतो. जुन्या आगरी शेतकऱ्याने हे ओळखले होते. त्याने खाडीलगत मातीचे बांध घालून खारजमीन पिकाखाली आणली, आणि बांधात ठिकठिकाणी उघाड्या बसवल्या. भरती आली की उघाडीचे दार समुद्राच्या रेट्याने आपोआप मिटावे, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडावे आणि शेतातले पावसाचे पाणी निघून जावे, अशी ती योजना. सारे गणित वेळेचे! चोवीस तासांत दार किती तास उघडे राहते, यावर भाताचे पीक अवलंबून. समुद्राची पातळी काही बोटे चढली, तर बांधावरून पाणी येत नाही हे खरे. पण दार उशिरा उघडते आणि लवकर मिटते. आतल्या पाण्याला बाहेर जाण्यास मिळणारा वेळ तेवढा कमी होतो. पाणी समुद्राकडून येऊन माणसाला बुडवते, ही कल्पना चित्रपटातली. प्रत्यक्षात आभाळातून पडलेले पाणी जावयास वाट न मिळाल्याने माणूस बुडतो.

आणि आभाळाचे पाणीही पूर्वीसारखे राहिलेले नाही. पुण्याच्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, आणि त्यांना लागणारी वाफ पुरवतो तो तापलेला अरबी समुद्र. म्हणजे वरून गाढी फुगणार आणि खालून खाडी दार लावून घेणार! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाऊस आणि भरती यांची गाठ पडल्यावर काय होते ते मुंबईने पाहिले, आणि पनवेल-कळंबोलीनेही पाहिले. करंजाड्यात आज उभ्या असलेल्या बहुतेक इमारती त्या वेळी नव्हत्या. त्या पुराचे पाणी कोठवर आले होते, हे तेथील मूळ गावकऱ्यांच्या स्मरणात आहे. ज्यांनी नंतर घरे घेतली, त्यांना ते कोणीच सांगितलेले नाही.

नवी मुंबई वसवताना सिडकोच्या स्थापत्यशास्त्रज्ञांनी आगरी शेतकऱ्याची ही विद्या निराळ्या नावाने आणि डच लोकांच्या हवाल्याने स्वीकारली. बेलापूर-वाशीकडे वसाहतींची जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल असल्यामुळे धारण तलाव खोदण्यात आले. भरतीच्या वेळी झडपा मिटाव्यात, पावसाचे पाणी तलावात साठावे, ओहोटीला बाहेर सोडावे. योजना उत्तम होती. परंतु कालांतराने तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवले, आणि कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाची २०१८ च्या निकालाने सक्त मनाई. ती मनाई योग्यच आहे. कांदळवनासारखी तटबंदी कोणताही ठेकेदार बांधू शकत नाही. पण कांदळ वाचवावे तर तलाव भरतो आणि तलाव उपसावा तर कांदळ जाते, असा पेच ज्यांनी वर्षानुवर्षे गाळाकडे पाहिले नाही, त्यांच्या सुस्तीने उभा केला. इकडे गाढीच्या मुखालगत ११६० हेक्टरांवर विमानतळ उभा राहिला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, सखल भागावर भराव घातला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे थाटाने उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. विमानतळाला आमचा विरोध नव्हता आणि नाही. पण जेथे पूर्वी पाणी पसरत असे तेथे भराव पडला, की ते पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाते. भरावाचे काम चालू असताना पारगाव-डुंगीच्या लोकांनी हा अनुभव घेतला आणि टाहो फोडला. धावपट्टीची उंची ठरवताना पाण्याचा हिशेब बारकाईने करण्यात आला असेल, याविषयी आम्हांस शंका नाही. विमानासाठी केलेला हिशेब माणसांसाठीही करावा, एवढेच आमचे म्हणणे.

सिडकोने डचांचे तलाव आणले, पण डचांची एक सवय आणावयाची राहून गेली. ॲम्स्टरडॅमच्या एका महापौराने सतराव्या शतकात शहरातील जलद्वारांपाशी संगमरवरी खुणा बसवून पाण्याची प्रमाणपातळी सर्वांना दिसेल अशी कोरून ठेवली. तेव्हापासून त्या देशात आपण पाण्याच्या किती वर वा खाली राहतो हे सामान्य नागरिकास ठाऊक असते. इतक्या दूर तरी कशाला जावे? आमच्या सांगलीत पावसाळ्यात कोणालाही विचारा, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते तो सांगेल. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि अमुक फुटांना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी, हे तेथील किराणा दुकानदारास तोंडपाठ असते. २०१९ मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा तिने सारेच ठोकताळे मोडले, ही गोष्ट वेगळी. पण आकडा आणि घर यांची सांगड तेथे लागलेली आहे. रायगड जिल्ह्याच्या पूरपत्रकातही सावित्री, कुंडलिका, अंबा, पाताळगंगा, उल्हास यांच्याबरोबर गाढीची पातळी येते. परंतु त्या आकड्याचा अर्थ करंजाड्याच्या कोणत्या रस्त्यावर, कोणत्या इमारतीच्या जोत्याशी काय होतो, हे कोण सांगणार? मीटर-सेंटीमीटरांत छापलेला तो आकडा वाचून आमच्या गुरुजींनी आपली दुचाकी वर चढवावी की निवांत झोपावे?

निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असे दोन शब्द घर घेणारे लोक अलीकडे ऐकतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा मागल्या पावसाच्या नोंदींवरून काढतात. पण मागचा पाऊस आणि मागचा समुद्र हे दोन्ही जर बदलत असतील, तर मागच्या हिशेबाने काढलेली रेषा पुढच्या पंचवीस वर्षांना कशी पुरावी? शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर तीस-चाळीस वर्षांतून येऊ लागला, तर लाल रेषेचा रंग तोच राहून तिचा अर्थ पालटतो. ध्रुवावरच्या बर्फाचा पुरावा खरा मानणे याचा व्यवहारातला अर्थ हाच. सभासंमेलनांत वसुंधरेची शपथ घेणे सोपे आहे. गाढीच्या पूररेषेचे गणित खाडीची चढती पातळी धरून नव्याने करावयाचे, तर त्यात काही भूखंडांची किंमत उतरेल, काही बांधकामांचे आराखडे अडतील, काही बड्या मंडळींची नाराजी ओढवेल. म्हणून वाद बर्फावरच चालू राहिलेला पुष्कळांना सोयीचा आहे. प्रलयवादी म्हणतो, सारेच बुडणार. मग रेषा कशाला? संशयवादी म्हणतो, काहीच होत नाही. मग रेषा कशाला?

यात शास्त्रज्ञांनाही आमचे एक सांगणे आहे. पुण्याची संस्था आपली, गोव्याची संस्था आपल्या शेजारची. पण त्यांचे अहवाल इंग्रजीत. मराठी गृहस्थाच्या पदरी पडतो तो तिसऱ्या हाताने आलेला मथळा. करंजाड्याच्या रहिवाशाने आपल्या खाडीच्या पातळीचा आकडा आपल्या भाषेत मागितला, तर तो देण्यास कमीपणा कसला? पुण्याच्या एखाद्या शास्त्रज्ञाने पनवेलच्या नाट्यगृहात येऊन दोन तास मराठीत प्रश्नोत्तरे करावीत. सभागृह भरेल, याची हमी आम्ही देतो. २०३५ च्या चुकीविषयीही तेथे विचारले जाईल, आणि तिचे उत्तर सरळ द्यावे.

सिडको आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. पनवेलच्या खाडीत गाढीच्या मुखाशी कायमचा भरतीमापक बसवावा आणि त्याचा आकडा रोज प्रसिद्ध करावा. गाढीवरील प्रत्येक पुलाच्या खांबावर इशाऱ्याची व धोक्याची पातळी ठळक रंगवावी, आणि २००५ च्या पुराची खूण जुन्या रहिवाशांना विचारून तिच्याशेजारी कोरावी. करंजाड्याच्या प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारी तिच्या जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी. नव्या पावसाच्या आणि नव्या समुद्राच्या हिशेबाने पूररेषा पुन्हा काढून तिचा नकाशा मराठीत, घर घेण्यापूर्वी पाहता येईल अशा ठिकाणी लावावा. पहिल्या तीन कामांना काही यंत्रे, थोडे अभियंते आणि रंगाचे चार डबे लागतील. चौथ्यास मात्र धैर्य लागेल.

आणि आमच्या गुरुजींस उत्तर. आपले घर २०५० मध्ये समुद्रात जाणार नाही. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. काही होत नाही असे सांगणाऱ्या आपल्या मित्रांवरही ठेवू नये. इमारतीच्या मंजूर नकाशात जोत्याची पातळी लिहिलेली असते. ती आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांकडून मागून घ्यावी. विजेचे मीटर तळमजल्यावर असतील, तर ते वर नेण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा. पाण्याच्या टाकीचे झाकण आणि पंपाची खोली यांकडेही एकदा पाहावे, कारण पूर ओसरल्यावरचे आजार तेथून सुरू होतात. आपल्या पत्रातला पूररेषेविषयीचा प्रश्न आम्ही आपले नाव वगळून सिडकोच्या बेलापूर कार्यालयाकडे धाडला आहे. उत्तर आले की ते याच जागी छापू. येत्या मृगापर्यंत आले नाही, तर तेही छापू.